एलरॉयचे मागचे ब्रेक

मे महिन्यातल्या त्या सोमवारी एलरॉय हॉगस्टॅडच्या हिरव्या पिकअपने पोस्टासमोर हात टेकले. पेडल दाबलं ते गपकन खाली गेलं, गाडीने पोस्टाच्या पायरीला हलकेच ढुशी दिली आणि मागच्या उजव्या चाकाखाली ब्रेक ऑइलचं डबकं साचायला लागलं. पोस्टातल्या बाईने खिडकीतून पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा पत्रं लावायला घेतली. मिनेसोटातल्या नॉर्डबी गावात याहून जास्त आरडाओरडा कुणी करत नाही.

गाडी सदुसष्ट सालची. पुढच्या चाकांना एलरॉयने पूर्वीच कधीतरी डिस्क ब्रेक बसवले होते, मागे मात्र कारखान्यातून आलेले ड्रम ब्रेक तसेच होते. आता ते गळायला लागल्यावर प्रश्न उभा राहिला: मागे पुन्हा ड्रमच घालायचे, की तिथेही डिस्क?

दुसऱ्या कुणी हे चहा निवायच्या आत ठरवलं असतं. पण हा एलरॉय! हा माणूस मोजे घ्यायला दुकानात शिरला, की करडे घेऊ का निळे घेऊ करत दुकान बंद व्हायची वेळ आणतो आणि घरी येऊन जुनेच रफू करतो. आणि इथे तर शनिवारी मासेमारीचा मोसम उघडणार होता. त्या दिवशी तळ्यात होडी न सोडणारा माणूस नॉर्डबीत एकतर आजारी असतो किंवा परगावचा.

शिवाय एलरॉयच्या नावेत यंदा मार्लिस बसणार होती.

मार्लिस ट्वेट. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. तिच्या एका नजरेने मागच्या बाकावरची पोरं गप्प व्हायची. त्यातली निम्मी आता आजोबा-आजी झाली आहेत, तरी ती दिसली की सरळ बसतात. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एलरॉयचं लग्नच झालं नव्हतं, कारण उघड आहे. गेली काही वर्षं दोघं दर गुरुवारी कॅफेत एकत्र ॲपल पाय खायची, आणि त्या गुरुवारसाठी एलरॉय उरलेला आठवडा कसाबसा ढकलायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

मागच्या ऑक्टोबरात तिच्या अंगणातली पानं गोळा करून देताना त्याने एकदाचं तोंड उघडलं. दाताळ्याकडे बघत म्हणाला, "मार्लिस, आपण लग्न करूया का?"

"छे रे," मार्लिस म्हणाली. "कशाला उगाच तुला त्रास."

"त्रास कसला? मला आवडेल."

"नको नको, राहू दे."

झालं. एलरॉयने मान डोलावली, दाताळं उचललं आणि उरलेली पानं गोळा केली. मग शेजाऱ्याच्या अंगणातलीही केली, कारण थांबलं तर काय करायचं ते त्याला कळेना. एवढ्या मोठ्या गोष्टीत बाईमाणसाच्या मागे लागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारची पाय सुरूच राहिली. दोघंही त्या विषयावर चकार शब्द बोलली नाहीत. हिवाळा सरला, तळ्यावरचा बर्फ फुटला, आणि एप्रिलात मार्लिसच्या घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी लागली. ती ॲरिझोनाला बहिणीकडे राहायला जाणार होती, कायमची. शुक्रवारी दुपारी डुलुथहून एक जोडपं सह्या करायला येणार होतं. शनिवारची मासेमारी म्हणजे निरोपच.

एलरॉयने मनाशी ठरवलं होतं की निरोप तरी नीट द्यायचा, पोस्टाची पायरी ठोकून नव्हे.

मंगळवारी कॅफेत पंचायत बसली. ड्वेन सोर्वारी, एलरॉयचा शाळेपासूनचा दोस्त, डिस्कचा कट्टर भक्त. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "अरे, ड्रम म्हणजे डबा! नाव उतरवायला मागची चाकं पाण्यात घातलीस, की डब्यात पाणी. मग वर येताना ब्रेक दाब नाहीतर भजन म्हण, परिणाम एकच. डिस्क कसा उघडा असतो, फिरला की कोरडा!"

"आणि त्या डिस्कचा हँडब्रेक?" मार्लिस कॉफी ढवळत म्हणाली. "उतारावर गाडी लावून नाव सोडायला खाली उतरायचं, आणि वळून बघायचं तर गाडी आपल्या मागोमाग पोहायला! ड्रमचा हँडब्रेक ओढला की गाडी बसते तिथेच. आणि मागच्या चाकांना काम ते किती? थांबवतात ती पुढचीच."

"तू बस चालवायचीस, बाई. ही पिकअप आहे."

"हो का? बसमध्ये तुझा मुलगा होता. अजून जिवंत आहे ना?"

कॅफे खदखदून हसलं. कोपऱ्यात पास्टर सॉल्व्हेग सूप पीत होत्या. कुणीतरी त्यांचं मत विचारलं. "देवाला दोन्ही चालतात," त्या म्हणाल्या. "एलरॉय, तू फक्त चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी सरळ लावत जा."

एलरॉयचं डोकं टेनिसच्या सामन्याला बसल्यासारखं इकडून तिकडे फिरत होतं. ड्वेन बोलला की त्याला डिस्क पटायचा, मार्लिस बोलली की ड्रम. शेवटी तो मार्लिसकडे वळून म्हणाला, "मग ड्रमच घालू म्हणतेस?"

"तुझी गाडी. तू ठरव."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! मी चालले ॲरिझोनाला," असं म्हणून तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की एलरॉयला वाटलं आपल्या मिशीला क्रीम लागलंय. त्याने मिशी पुसली. मार्लिसने सुस्कारा सोडला.

बुधवारी तो ड्वेनच्या शेडवर गेला. ड्वेनने फळीवरून एक खोकं खाली काढलं. आत मागच्या डिस्कचा सगळा संच, कोरा करकरीत. ड्वेनने तो स्वतःच्या गाडीसाठी आणला होता, पण ती गाडीच मुलगा घेऊन गेला.

"पडूनच आहे. घेऊन जा," ड्वेन म्हणाला.

"छे छे, तुलाच लागेल."

"मला कुठला लागतोय? ने की!"

"नको रे. खरंच नको."

"बरं," ड्वेन म्हणाला, आणि खोकं पुन्हा फळीवर ठेवलं.

एलरॉय दोन मिनिटं तसाच उभा राहिला. हवापाण्याचं बोलला. फळीकडे बघून खोकला. ड्वेनने त्याला खोकल्याची गोळी दिली. मग तो घरी आला, आणि असा फुगून बसला की कुत्रं जवळ यायला तयार होईना. ड्वेनचा भयंकर राग आला होता. कशाचा, ते बोलून दाखवायची सोय नव्हती. असल्या गोष्टी नॉर्डबीत माणूस बोलत नाही, पोटात ठेवतो आणि वर बटाटे-खिम्याची भाजलेली हॉटडिश खातो. "ड्रम तर ड्रम!" तो कुत्र्याला म्हणाला. आयुष्यातला पहिला झटपट निर्णय त्याने हा असा, रागाच्या भरात घेतला.

गुरुवारी त्याने गळकं सिलिंडर बदललं आणि ब्रेकचे नवे लायनर आणून बसवले. ड्रम ब्रेक ज्याने जोडलाय त्याला माहीत आहे, आत काय संसार असतो: स्प्रिंगा, पट्ट्या, तारा, आणि कुठलीही गोष्ट सरळ बसेल तर शपथ. एक बाजू उघडायची, दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवायची. एक स्प्रिंग सुटली ती कपाटामागे गेली. दुसरी सुटली ती कॉफीत पडली. त्या नादात कॅफेत जायचं राहिलं. गुरुवारची पाय चुकली, ती पहिल्यांदाच. मार्लिसने दोन तुकडे मागवले आणि दोन्ही तसेच टाकून गेली, हे त्याला नंतर कळलं.

शुक्रवारी सकाळी चाकं चढवून झाली होती. लायनर अजून सैल होते. त्या ड्रममध्ये एक दातेरी चाक असतं, ते लायनर आपोआप आवळत नेतं. पण त्याचा एक हट्ट आहे. गाडी मागे घेताना ब्रेक दाबला तरच ते फिरतं. पुढे कितीही हिंडा, ढिम्म हलत नाही. तेव्हा अंगणात गाडी मागेपुढे करत बसायचं, असा एलरॉयचा बेत होता. तेवढ्यात ड्वेन टपकला.

"ड्रमच घातलेस?" त्याने वाकून पाहिलं. "म्हणजे डिस्क तुला नकोच होते तर."

एलरॉयच्या हातातला पाना खाली पडला. पोटात ठेवलेलं सगळं वर आलं.

"नको होते? मला नको होते? अरे, मला हवेच होते!"

"मग नाही कशाला म्हणालास?"

"मग काय हो म्हणू? पहिल्या झटक्यात? माझ्या आईने मला काही वळण लावलंय की नाही?"

"तू दोनदा नाही म्हणालास!"

"दोनदा म्हणायचंच असतं! तिसऱ्यांदा तू विचारायचंस, मग मी म्हणणार, बरं, एवढं म्हणतोस तर! तू सोर्वारींचा मुलगा ना? तुझ्या घरी कॉफी कशी देतात? दोनदा विचारून किटली उचलून ठेवतात? कुठल्या जंगलात वाढलास तू?"

ड्वेनचा चेहरा पडला. "कॉनी म्हणते," तो हळूच बोलला, "नाही म्हणजे नाही. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे छळ." कॉनी म्हणजे त्याची बायको. ती न्यू जर्सीची. तिथे माणसं पहिल्याच फटक्यात हो म्हणतात आणि वर आणखी मागतात.

"कॉनी न्यू जर्सीची आहे! तू इथला आहेस! दोनदा 'नाही' म्हणजे 'नाही' नव्हेच मुळी! तो नुसता शिष्टाचार! दोनदा विचारून माणूस गप्प बसला, तर समोरच्याने काय समजायचं? की याला द्यायचंच नव्हतं! की हा नुसता विचारायचं म्हणून विच..."

आणि एलरॉय थांबला.

तोंड उघडंच राहिलं. हात हवेत. ड्वेनला वाटलं, याला झटका आला. त्याने घाईघाईने बादली उपडी करून एलरॉयला बसवलं.

"ड्वेन," एलरॉय म्हणाला. आवाज कुठून तरी विहिरीतून येत होता. "मी दोनदाच विचारलं."

"काय?"

"मार्लिसला. ऑक्टोबरात. लग्नाचं. ती म्हणाली, कशाला उगाच तुला त्रास. मग म्हणाली, राहू दे. आणि मी, मी पानं गोळा केली!"

ड्वेनने टोपी काढली. हे ऐकून कुणीही काढली असती.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "सात महिने ती बाई तिसऱ्यांदाची वाट बघतेय!"

"घर विकायला काढलं तिने!"

"तुझ्या कानाशी आणखी काय वाजवायचं होतं तिने? शाळेच्या बसचा हॉर्न?"

"पण मला वाटलं, लग्नासारख्या गोष्टीला कॉफीचा नियम कसा लागेल!"

"सगळ्यालाच लागतो! माझ्या आजोबांनी अपेंडिक्स काढायलासुद्धा दोनदा नाही म्हटलं होतं!"

एलरॉय ताडकन उठला. डुलुथची माणसं दुपारी येणार, आणि दुपार होत आली होती. ड्वेन सायकलवरून आला होता, कारण घरातली उरलेली गाडी कॉनीकडे होती. एलरॉय पिकअपमध्ये चढला, पेडल दाबलं, ते निम्म्याच्या खाली गेलं.

"ब्रेक आवळलेले नाहीत!" ड्वेन ओरडला.

"जाता जाता आवळतो!" एलरॉय ओरडला. आणि त्याने रिव्हर्स टाकला.

त्या दिवशी ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. हिरवी पिकअप मेन स्ट्रीटवरून उलटी निघाली. दहा हात मागे, ब्रेक, कचकन थांब. दहा हात मागे, ब्रेक, कचकन थांब. एलरॉय मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून, राजासारखा बसलेला. आतलं दातेरी चाक दरवेळी एक घर पुढे सरकत होतं आणि पेडल जरा जरा वर येत होतं. त्याच्या अंगात आनंद असा उकळ्या मारत होता की त्याला गावं वाटलं, आणि तो गायला. पोस्टातल्या बाईने हात हलवला. कॅफेतल्यांनी सलामीला दोन बोटं वर केली. का रे बाबा उलटा चाललास, असं एकानेही विचारलं नाही; तेवढी चौकशी कोण करतो! चर्चपाशी पास्टर सॉल्व्हेग ट्युलिपना पाणी घालत होत्या.

"सरळ चाललास हो!" त्या कौतुकाने म्हणाल्या.

वाटेत एलरॉयला एकदम शंका आली. मधे अख्खा हिवाळा गेला. मोजणी अजून चालू असेल का? की शिळी होऊन पुन्हा पहिल्यापासून? आता विचारलं तर ते तिसरं धरतील का पहिलं? कुणाला विचारायचीही सोय नाही. मग त्याने ठरवलं, धोका नको, पहिल्यापासून तीनदा विचारायचं. ती दोनदा नाही म्हणेल, म्हणू दे. आपण हटायचं नाही. हा त्याचा आठवड्यातला दुसरा निर्णय होता. त्याची त्याला चटक लागत चालली होती.

मार्लिसच्या घरासमोर पोचेपर्यंत पेडल जवळपास ठाकठीक झालं होतं. जवळपास. बंपरने 'विकणे आहे'ची पाटी अलगद झोपवली, आणि मग गाडी थांबली.

पायऱ्यांवर मार्लिस उभी होती. शेजारी डुलुथचं जोडपं, आणि हातात कागद घेतलेला एक टाय घातलेला इसम. सगळे पाटीकडे बघत होते. एलरॉय खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत राहिला. हात कोपरापर्यंत काळे, मिशीला ग्रीस. परक्या माणसांसमोर काही बोलणं त्याला जन्मात जमलं नसतं.

"एलरॉय," मार्लिस म्हणाली, "काल कुठे होतास?"

"ब्रेक करत होतो."

"कुठले घातलेस?"

"ड्रम. जरा आवळायचे राहिलेत. येतेस का... म्हणजे, वजन असलेलं बरं."

मार्लिसने त्या टायवाल्याला "आलेच हं" म्हटलं आणि एप्रनसकट गाडीत चढून बसली. एलरॉयने पुन्हा रिव्हर्स टाकला. तळ्याकडचा रस्ता मोकळा होता. गाडी उलटी निघाली, दोघं मागे मान वळवून, चेहरे अगदी जवळ.

"मार्लिस, माझ्याशी लग्न करशील?"

"हो," मार्लिस म्हणाली.

पण एलरॉय तयारीत आला होता. तो ऐकणाऱ्यातला नव्हता. "अगं, त्रास कसला! मला आवडेल! तू माझ्याशी लग्न कर!"

"हो म्हटलं ना!"

"नको नको म्हणू नकोस! मी यावेळी थांबणार नाहीये! मी तिसऱ्यांदा विचारतोय, हे बघ, सगळ्या जगासमोर..."

"एलरॉय!" शाळेच्या बसमधला तो आवाज आला. "ब्रेक!"

त्याचा पाय आपोआप दाबला गेला. मागची दोन्ही चाकं एकदम धरली, गाडी रस्त्याच्या मधोमध ताठ थांबली, एका बाजूला केसभरही ओढली नाही. इंजिन बंद पडलं. तळ्यावर कुठेतरी बदकं बोलत होती.

"मी काय म्हणाले?" मार्लिसने विचारलं.

एलरॉयने आठवून पाहिलं. "हो म्हणालीस," तो म्हणाला. मग डोळे विस्फारून, "पहिल्याच वेळी?"

"पहिल्याच वेळी. आता पुन्हा दोन नकार द्यायची माझी छाती नव्हती. तुझा काय भरवसा? मग पुन्हा सात महिने पानं गोळा करत बसला असतास!"

आणि ती हसायला लागली. एप्रनचा बोळा तोंडाला लावून, अंग गदगदा हलवत हसली. ते बघून एलरॉय हसला, स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला, तेव्हा कपाळ लागून हॉर्न वाजला, मग त्यालाच दोघं हसली. त्यांच्यामागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. त्यांनी इंजिनं बंद केली आणि निवांत वाट बघत राहिल्या.

हसता हसता मार्लिसच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते हसण्याचं राहिलं नाही. तिने त्याचा काळाकुट्ट हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मी गेले असते, एलरॉय," ती म्हणाली. "खरंच गेले असते. आणि तिथे मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले असते, की मिनेसोटाची थंडी सोसवत नव्हती म्हणून आले."

एलरॉयने तिच्याकडे पाहिलं. यावेळी मिशी पुसली नाही.

"मीही इथे सगळ्यांना तेच सांगितलं असतं," तो म्हणाला. "तिला थंडी सोसवत नव्हती म्हणून."